भाईकाकांनी लावलेली वाट

भाईकाकांच्या घरी पहिल्यांदाच निघालेल्या माणसाला आमच्या वाडीतलं कोणीही एकच सूचना द्यायचं: मांगराच्या वरच्या अंगाने जा. खालच्या अंगाने चांगली चार फूट रुंदीची, सावलीची वाट आहे, ती थेट खळ्यात जाते, पण ती सध्या दुरुस्तीला काढलीय. ह्यातल्या 'सध्या'ला बरीच वर्षं झाली होती. भाईकाकांचा नातू ही सूचना ऐकतच रांगायला लागला, मग चालायला लागला (वरच्या अंगाने) आणि सिव्हिलच्या डिप्लोमाला गेला.

जागेची कल्पना यावी म्हणून थोडं सांगतो. कुडाळहून वेंगुर्ल्याकडे निघालं की उतारावरची अशी घरं जागोजाग दिसतात. उतार टप्प्याटप्प्याने तोडलेला असतो. वरच्या टप्प्यावर घर आणि खळं, त्याखालच्या टप्प्यावर मांगर, मग माडा-पोफळीची बाग आणि तळाला व्हाळ. मांगर म्हणजे घरातल्या अडगळीने वेगळं बिऱ्हाड केलेलं घर. भाईकाकांच्या मांगरात पूर्वी बैल होते. आता चुडतं, सोडणं, फाटी, मोडका नांगर आणि चुलत भावाने मुंबईहून 'चार दिवसांसाठी' आणून ठेवलेला फ्रीज आहे. ह्या मांगराच्या खालच्या भिंतीला लागून ती वाट जाते. वाटेच्या बागेकडच्या कडेला गडगा, म्हणजे मधे चुना-सिमेंट काही न घालता नुसते जांभ्याचे दगड रचून केलेला बांध. वाटेची एकूण लांबी 30 फूट. तेवढ्या लांबीवर भाईकाकांनी आपलं निवृत्तीनंतरचं आयुष्य अंथरलेलं आहे.

भाईकाका मुंबईला एका बांधकाम खात्यात होते. इंजिनियर नव्हते. इंजिनियरांनी काढलेले नकाशे गुंडाळायचे, नळकांड्यात घालायचे, नंबर टाकून कपाटात ठेवायचे आणि कोणी मागितले की सही घेऊन द्यायचे, हे त्यांचं काम. तीसेक वर्षं हे काम केल्याने माणसाला पूल बांधता येत नाही, पण पूल बांधणाऱ्याची चूक मात्र लांबून दिसायला लागते. गावी परतताना त्यांनी सोबत एक पितळी ओळंबा, एक गुण्या, लाकडी पाणसळ आणि लेव्हल काढायची पन्नास फुटी पारदर्शक नळी आणली. वाडीने आठवड्याभरात त्यांचं नाव पाणसळभाई ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. उलट खिशातून पाणसळ काढून नाव ठेवणाऱ्याच्या ओट्यावर टेकवली आणि म्हणाले, "तुझो ओटो पाव इंच भायर कललो हा."

त्यांच्या अंगावर खाकी अर्धी चड्डी, बाह्यांचं बनियन, कानाच्या मागे सुताराची चपटी पेन्सिल. ती पेन्सिल रात्री झोपतानाही काढत नाहीत असं काकी म्हणतात. लेव्हलची नळी खांद्यावरून तिरकी घेतलेली. ह्या थाटात ते सकाळी चहाच्या आधी वाटेवर उभे राहायचे, एका जागी टाच आपटायचे आणि कान देऊन ऐकायचे. खाली पोकळ झालं असेल तर आवाज बदलतो, हे खरंच आहे. पण आवाज बदलला की भाईकाकांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो मी फक्त लॉटरी लागलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

भाषा मात्र खात्यातली. वाट खचली असं ते कधीच म्हणत नाहीत. 'सेटलमेंट होतंय' म्हणतात. एकदा त्यांनी हे वाण्याच्या दुकानात सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटलं, जमिनीच्या दाव्यात सेटलमेंट होतंय. सातबाऱ्यावर सव्वीस नावं असलेल्या घरात ही केवढी बातमी! दुपारपर्यंत ती फोनवरून बोरिवलीला पोचली आणि दुसऱ्या दिवशी फ्रीजवाला चुलत भाऊ तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला उतरून, कागदांची पिशवी घेऊन दारात हजर. भाईकाकांनी त्याला हाताला धरून मांगराच्या कोपऱ्यावर नेलं आणि खचलेली जागा दाखवली. "हयसर अडीच इंच, थयसर पावणेतीन." चुलत भाऊ काही न बोलता परत गेला. फ्रीजही न घेता गेला, हे काकींना जास्त लागलं.

वाटेचं वर्ष ठरलेलं होतं. मृगात ती शाबूत असते. आषाढात मांगराच्या भिंतीलगत एक बारीक चीर पडते. श्रावणात चिरेची फट होते, मधला भाग भिंतीकडून दबतो आणि बाहेरची कड गडग्याकडे कलते. गणपतीला मुंबईकर येतात. त्यांच्यातला एकतरी 'काय होतं' म्हणत खालच्या अंगाने जातो आणि घोटा मुरगळून घेतो. गणपती अर्थातच वरच्या अंगाने येतो. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, की गवंडी आपण होऊनच फोन करतो. "भाईनु, औंदा कधी सुरू करूचा?" औंदाही करायचं आहे का, हे तो विचारत नाही. मग शिमग्यापर्यंत काम चालतं. पालखी येईपर्यंत वाट नवी कोरी होते. पालखीवाले हुशार, ते तरीही वरूनच येतात.

दरवर्षी दुरुस्तीच्या आधी भाईकाका कारण शोधायचे. पहिल्या वर्षी खेकडे सापडले. गडग्यात खेकड्यांची बिळं होतीच, ती कोकणातल्या कुठल्या गडग्यात नसतात? भाईकाकांनी ती बुजवली, काकींनी खेकड्यांचं कालवण केलं, आणि त्या दुरुस्तीतून घराला झालेला हा एकमेव फायदा. पुढे घुशीवर संशय आला. मग माडाच्या मुळांवर. मग आगगाडीच्या हादऱ्यांवर, रूळ इथून चार किलोमीटर लांब असून. एका वर्षी तर शेजारणीच्या मसाल्याच्या डंकावर ठपका आला आणि दोन महिने आमच्या वाडीत कोणी कोणाकडे हळदीकुंकवाला गेलं नाही. सगळ्यांची चौकशी झाली. मांगराच्या छपराकडे मात्र भाईकाकांनी मान वर करून पाहिलं नाही.

आता छपराचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. मांगराला पूर्वी नळे होते, आणि खालच्या वळचणीला भाईकाकांच्या वडिलांनी बांधलेली पोफळीची पन्हळ होती. पोफळीचा सोट उभा चिरून, आतला गाभा काढून केलेली. छपराचं पाणी तिच्यातून भिंतीच्या टोकाला जायचं आणि तिथून दगडी चरातून व्हाळात. निवृत्त झाल्यावर भाईकाकांनी पहिल्याच वर्षी नळे उतरवून सिमेंटचे पत्रे चढवले आणि पन्हळ 'दिसाक बरी नाय' म्हणून काढली. ती बंबात गेली. त्या पावसाळ्यापासून वाट खचायला लागली.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मांगराच्या खालच्या पाख्याची जागा 30 फूट गुणिले 8 फूट, म्हणजे साधारण 22 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हिशेब केला तर एका पावसाळ्यात त्या एका वळचणीतून 66,000 लिटर पाणी वाटेवर उतरतं. दहा हजारी टँकर म्हटले तर साडेसहा. कोणी भाईकाकांच्या दारात साडेसहा टँकर आणून त्या चार फुटी वाटेवर ओतले असते तर त्यांनी पोलिसात तक्रार केली असती. पत्र्यावरून ते हप्त्याहप्त्याने येत होतं म्हणून चालून गेलं. शिवाय पत्र्याच्या पाणी पाडण्यात नेम असतो. प्रत्येक पन्हाळीतून एक धार, रोज त्याच ठिकाणी. वाटेवर भिंतीपासून हातभर अंतरावर सरळ रेषेत वाटीएवढे खड्डे पडले होते. भाईकाकांनी त्यांच्यातलं अंतरसुद्धा मोजून वहीत लिहून ठेवलं होतं.

पाणी वरून पडतं एवढंच नाही, ते खाली जाऊन काय करतं ते बघायला हवं. उतार तोडून टप्पा करताना वरची माती काढून खाली टाकतात. त्यामुळे अशा वाटेचा भिंतीकडचा अर्धा भाग मूळच्या जमिनीवर असतो आणि गडग्याकडचा अर्धा भरावावर. भराव थराथराने चोपला नसेल तर वर्षानुवर्षं बसत राहतो. त्यात आमच्याकडे जांभ्याच्या खाली शेडी माती. कोरडी असताना पहार परतवून लावते, भिजली की सुटते आणि पाण्याबरोबर चालू पडते. वळचणीचं पाणी चिरेतून आत शिरायचं, शेडी घेऊन गडग्याच्या फटींतून बाहेर पडायचं आणि बागेत अळवाच्या बुडाशी पिवळट गाळ टाकून पुढे जायचं. अळू मात्र तिथे कमरेएवढं वाढलं. वर भाईकाकांनी कोबा केलेला. कोबा काही दिवस पोकळीवर तसाच तरंगत राहतो आणि मग एके दिवशी कोणाच्या तरी पायाखाली एकदम बसतो. म्हणून भाईकाकांना वाटायचं, वाट अचानक खचते.

एका वर्षी त्यांनी माती पळून जाते हे हेरलं. इतपत निदान बरोबर होतं. पण उपाय काय केला, तर गडग्याची सगळी तोंडं सिमेंटने लिंपून बंद केली. गवंडी हळूच म्हणाला, "भाईनु, पाणी खयसून जायत?" भाईकाका म्हणाले, "पाणी येवचाच नाय." आषाढातल्या एका रात्री पाणी आलं. त्याला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून ते गडगाच घेऊन बाहेर पडलं. सकाळी पंधरा फूट गडगा बागेत आडवा. नुसत्या दगडांचा गडगा शंभर शंभर वर्षं उभा राहतो तो त्याच्या फटींच्या जिवावर, हे आमच्याकडे गुराख्याच्या पोराला ठाऊक असतं. पण त्याला नकाशे गुंडाळायचा अनुभव नसतो.

लेव्हल काढण्याचा सोहळा मात्र बघण्यासारखा. नळीत पाणी भरायचं, आतले बुडबुडे चापट्या मारून घालवायचे. एक टोक भाईकाकांच्या हातात, दुसरं कामेरणीच्या. ती बिचारी मांगराच्या टोकाला नळी भिंतीला लावून उभी. भाईकाका एक डोळा मिटून, जीभ दाताखाली धरून, पाण्याची कड आणि पेन्सिलीची रेघ जुळवतात. "वर घे. थोडा खाली. खाली म्हणजे कितक्या, दोन सूत. सूत कळता मां? आता हलव नको." ती हलत नाही, पण तिला शिंक येते. पुन्हा पहिल्यापासून. एवढ्यात भाईकाकांचं आवडतं वाक्य येतंच: "पाणी कधी खोटा बोलणा नाय, बाय. माणूस बोलता."

"पाण्याचा ऱ्हवांदे," कामेरीण एकदा म्हणाली, "माझे हात भरान इले."

नळीतल्या चमचाभर पाण्यावर त्या माणसाची इतकी श्रद्धा, आणि त्याच वेळी डोक्यावर साडेसहा टँकरांचं छप्पर. मला कितीदा तरी वाटलं, सांगून टाकावं. वाडीतल्या सगळ्यांनाच वाटलं. पण सांगायला गेलेल्याला भाईकाका आधी बसवतात, चहा देतात आणि 'सबग्रेड' म्हणजे काय इथपासून सुरू करतात. सांगायला गेलेला शिकून परत येतो.

मधल्या काळात ते रोपवेने रायगडला जाऊन आले. जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे, ते त्यांनी पाहिलं. गड बांधणाऱ्या माणसाने एका पायरीवर आपलं नाव ठेवलं, ह्याने भाईकाकांचं मन भरून आलं. तेव्हापासून दरवर्षी काम संपलं की ओल्या सिमेंटवर खिळ्याने आद्याक्षरं आणि साल कोरायचा प्रघात पडला. हिरोजींची पायरी अजून जागेवर आहे. भाईकाकांची अक्षरं दर पावसाळ्यात दोन-अडीच इंच खाली जात होती.

ती अक्षरं कुठे जात होती, ह्याचा उलगडा नातवाने केला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत त्याने, आजोबा सावंतवाडीला दात दाखवायला गेलेत असं बघून, वाटेच्या मधोमध दीड फुटाचा खड्डा मारला. भाईकाका परत आले तेव्हा आम्ही सगळे खड्ड्याभोवती जमलो होतो. वरती पेव्हर ब्लॉक. त्याखाली कोबा, त्यावर इसवी सन. त्याखाली शहाबादी फरशीचे तुकडे, त्याखाली पुन्हा कोबा, त्यावर शालिवाहन शक. त्याखाली उतरवलेल्या नळ्यांचा चुरा. मग आणखी एक थर, त्यावर नुसती सही, बहुधा पंचांग हाताशी नव्हतं. आणि सगळ्यात खाली वडिलांनी बसवलेले जांभ्याचे चिरे, काळपट पडलेले, एकमेकांना घट्ट लागलेले, फक्त भिंतीच्या बाजूला थोडे दबलेले. आमच्या वाडीत उत्खननातून सापडलेली ही पहिली संस्कृती. भाईकाका वाकून बघत राहिले. मला वाटलं, आता काही जाणवलं असेल. ते म्हणाले, "बघ रे, काय मजबूत काम केलंय! एक थर फुटाक नाय." ते खरंही होतं. काम सगळं मजबूत होतं, फक्त खाली गेलं होतं.

नातू छत्री घेऊन श्रावणात तिथे उभा राहिला होता, त्याने पागोळ्यांचे फोटो काढले होते. त्याने आजोबांना शांतपणे सगळं समजावलं. जोराच्या सरीत तासाला 50 मिलिमीटर धरले तर एका तासात अकराशे लिटर. आधी पाण्याची व्यवस्था, मग वाट. भाईकाकांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी जे उत्तर दिलं, ते ऐकल्यावर मला त्यांची तीस वर्षांची नोकरी पहिल्यांदा कळली.

"छपराचा पाणी ही बिल्डिंगची बाब," ते म्हणाले. "वाट ही रस्त्याची बाब. खाती वेगळी, फायली वेगळ्यो. वाटेच्या फायलीत छप्पर घालूक गावणा नाय."

नातवाने मग भिंतीलगत खडी भरलेला चर काढू या म्हटलं आणि चुकून त्याला 'फ्रेंच ड्रेन' म्हणाला. "फ्रेंचांचा हयसर काय काम?" भाईकाका उसळले. "हयसर पोर्तुगीज होते, ते पण पलीकडे गोव्यात!" ह्या चराचा फ्रान्सशी संबंध नाही. हेन्री फ्रेंच नावाच्या अमेरिकन वकिलाने 1859 साली शेतातल्या पाण्याच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ह्या चराला चिकटलं. पण हे सांगून उपयोग नव्हता. वकील म्हटल्यावर चुलत भाऊ पुन्हा तुतारीत बसला असता.

काकींनी रस्ता काढला. चाळीसएक वर्षं ह्या माणसाबरोबर काढल्यावर त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती: भाईकाकांना तोंडी सांगितलेलं पटत नाही, कागदावर आलेलं पटतं. त्यांनी नातवाकडून फुलस्केप कागदावर अर्ज लिहून घेतला. विषय: मांगराच्या वळचणीचे पाणी वळविणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. खाली हिशेब, कच्चा नकाशा, अंदाजपत्रक. कागद सकाळच्या चहाबरोबर ताटलीत ठेवला. भाईकाकांनी चष्मा लावला. पहिल्या दिवशी त्यावर 'पाहिले' असा शेरा आला. दुसऱ्या दिवशी 'चर्चा करावी'. चर्चा म्हणजे काकी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "औंदा ह्यां झाला नाय तर मी माहेराक जातंय, आणि वरच्या अंगान नाय, खालच्या अंगान जातंय. पाय मोडलो तर तुमका बघूचा लागात." तिसऱ्या दिवशी 'मंजूर. स्वतंत्र फाईल उघडावी'.

पुढचं काम सरळ होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात लिहिण्यासारखं फारसं काही घडलं नाही. सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून वळचणीला पन्हळ बांधली, दर दहा फुटांना एक इंच उतार देऊन. टोकाला उभा पाइप, तिथून वडिलांचा जुना दगडी चर उकरून व्हाळापर्यंत मोकळा केला. तो बुजलेला होता, मोडलेला नव्हता. मग वाटेचे सगळे थर काढले. भिंतीलगत फूटभर रुंदीचा चर, त्यात खडी. गडगा पुन्हा रचला, सिमेंटशिवाय, मोठे दगड खाली आणि सबंध बांध भरावाकडे अंग टाकून. भराव सहा-सहा इंचांच्या थरात, प्रत्येक थरावर बेताचं पाणी, आणि खळं चोपायचं चोपणं होतंच, पण नातवाने भाड्याने यंत्राचं धुमस आणलं. ते हातात धरून भाईकाका दोन दिवस एवढे हादरले की जेवताना आमटी ताटाबाहेर सांडायची. पण सोडायला तयार नव्हते. वर वडिलांचेच चिरे परत बसवले. दर फुटाला पाव इंच उतार, भिंतीपासून दूर. तो उतार नळीने काढला आणि नळी कामेरणीने धरली. यावेळी शिंक आली नाही.

काम संपल्यावर सगळे भाईकाकांकडे बघत राहिले. चिऱ्यावर खिळ्याने कोरता येत नाही, छिन्नी लागते. त्यांनी छिन्नी आणली, थोडा वेळ हातात धरली आणि मग अक्षरं वाटेवर न कोरता मांगराच्या जोत्यावर कोरली. "बिल्डिंगच्या फायलीतला काम," एवढंच म्हणाले.

त्यानंतर दोन पावसाळे झाले. वाट जिथल्या तिथे आहे. पहिल्या गणपतीला मूर्ती खालच्या अंगाने आली, तेव्हा वाटेच्या दोन्ही टोकांना माणसं उभी राहून बघत होती. मूर्ती बघत नव्हती, पाय बघत होती. अळू मात्र त्या वर्षीपासून खुरटलं. त्याबद्दल काकींनी वेगळा अर्ज दिलेला आहे.

भाईकाकांचं काय झालं, हे वाचकांनी विचारायला हवं. ते पहिला महिनाभर रोज सकाळी वाटेवर टाच आपटून ऐकायचे. आवाज बदलत नव्हता. जेवण कमी झालं. दुसऱ्या आषाढात एका चिऱ्याची कड एक सूत खाली गेल्याचं त्यांनी पाणसळीने सिद्ध केलं आणि दोन दिवस घरात सण होता. पण ते सूत तिथेच थांबलं. मग ते नळी खांद्यावर टाकून वाडीत फिरायला लागले. एका घराच्या तुळशीवृंदावनाला पूर्वेकडे कल निघाला. देवळाच्या पायऱ्यांत तिसरी पायरी अर्धा इंच जास्त उंच निघाली, आणि ती तोडायची की बाकीच्या चढवायच्या ह्यावर ग्रामस्थांची सभा अजून चालू आहे. परवा ते आमच्या विहिरीच्या काठावर उभे होते. मी विचारलं, काय भाईकाका? ते काही बोलले नाहीत. नुसती टाच आपटली आणि माझ्याकडे बघून हसले.

तेव्हा तुमच्या माहितीत कुठे उतारावरची, खचलेली, निदान थोडीशी कललेली वाट असली, तर कळवा. माणूस सज्जन आहे, मजुरी घेत नाही, चहा दोन वेळा पुरतो. जाण्याचं तिकीट आम्ही वाडीतर्फे काढून देऊ. परतीचं बघायची घाई नाही, असं काकींचं म्हणणं आहे.